टॉवर पाचवीला पुजलेलं घराणं : नॉर्थम्बरलँडचा नववा अर्ल हेन्री पर्सी

कृष्णाकाठी

माझी मुलगी लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लोला राहते. तिच्याकडे गेले की संध्याकाळी आम्ही दोघी आयझलवर्थला टेम्सच्या काठाने फिरतो. तिथे जवळच सायन हाउस आहे. दगडी, चौकोनी, कोपऱ्याकोपऱ्यावर बुरूज. पहिल्या खेपेला मी नुसतं बघून पुढे गेले होते. नंतर या घराच्या एका जुन्या मालकाबद्दल वाचनात आलं आणि तेव्हापासून जे हाती लागेल ते वाचते आहे. हा धागा त्याच्याबद्दल आणि त्याच्या घरच्यांबद्दल.

हेन्री पर्सी, नॉर्थम्बरलँडचा नववा अर्ल. जन्म १५६४ चा, टाइनमथच्या किल्ल्यातला. कानाने थोडा अधू, बोलायला संथ, तंबाखूचा शौकीन. लोक त्याला 'जादूगार अर्ल' म्हणत, कारण त्याच्याकडे अर्क काढायच्या भट्ट्या होत्या, पृथ्वीगोल होते, गणिती पदरी होते आणि त्या काळच्या इंग्लंडात मोजक्या घरांत असेल एवढा ग्रंथसंग्रह होता.

पर्सी हे उत्तरेतलं मातब्बर घराणं. स्कॉटलंडच्या सरहद्दीजवळ ॲनिकला त्यांचा मोठा किल्ला. सरहद्द राखायला राजाला ते हवे असत, आणि हाक मारली की माणसं जमवू शकतात म्हणून राजाला त्यांचा धाकही असे. त्यात घरातले बरेच जण जुन्या कॅथलिक धर्माला धरून राहिले. त्याची किंमत काय मोजावी लागली ते बघा.

आजोबा सर टॉमस पर्सी. आठव्या हेन्रीने मठ बंद करायला घेतले तेव्हा उत्तरेत उठाव झाला, त्यात सामील म्हणून १५३७ मध्ये त्यांना देहान्त शासन.

थोरले काका टॉमस, सातवे अर्ल. १५६९ मध्ये एलिझाबेथ राणीविरुद्ध उत्तरेतल्या सरदारांनी उठाव केला, त्याच्या म्होरक्यांपैकी एक. उठाव फसला, ते स्कॉटलंडात पळाले, तिथल्यांनी त्यांना २,००० पौंड घेऊन इंग्लंडच्या ताब्यात दिलं. १५७२ मध्ये यॉर्कला शिरच्छेद.

वडील हेन्री, आठवे अर्ल. उठावाच्या वेळी राणीच्या बाजूने राहिले, म्हणून भावानंतर किताब त्यांना मिळाला. पण पुढे इंग्लंडात कैदेत असलेल्या स्कॉटलंडच्या मेरी राणीला सोडवायच्या कटांत त्यांचं नाव येत राहिलं. शेवटी टॉवर ऑफ लंडन या लंडनच्या किल्ल्यात कैद. २१ जून १५८५ ला सकाळी बिछान्यात मेलेले सापडले, छातीत गोळ्या. दार आतून बंद होतं, आत्महत्या केली, असं सरकारने जाहीर केलं. पण आदल्याच दिवशी त्यांच्यावरचा पहारेकरी बदलून दुसरा नेमला होता, त्यामुळे लोकांची कुजबूज थांबली नाही.

तेव्हा आपला हेन्री एकवीस वर्षांचा होता. आजोबा, काका, वडील, तिघांपैकी एकालाही सरळ मरण आलं नाही, अशा घरात तो कर्ता झाला. मला त्याच्या सगळ्या पुढच्या वागण्याची किल्ली इथे दिसते. त्याने बंड केलं नाही, तो कॅथलिकही झाला नाही. सुरुवातीची वर्षं जुगारात, कपड्यालत्त्यात, घोड्या-ससाण्यांत उधळली, कर्ज करून ठेवलं. मग सावरला, हिशेब शिकला, जमिनींची मोजणी करून घेतली आणि पुस्तकांत शिरला.

आणि तरीही टॉवर चुकला नाही. सोळा वर्षं. तेही स्वतः काही केल्यामुळे नाही, भाऊबंदाने केलेल्या गोष्टीमुळे.

१६०५ चा दारूगोळ्याचा कट बहुतेकांना माहीत असतो. पार्लमेंटच्या तळघरात दारूची पिंपं रचून राजा जेम्ससकट सगळी सभा उडवून द्यायची, गाय फॉक्सला पिंपांपाशी पकडलं. पण ते तळघर भाड्याने घेतलं होतं कुणी? टॉमस पर्सीने. हा अर्लचा लांबचा भाऊबंद, चौथ्या अर्लचा पणतू, आणि अर्लचा ॲनिकचा किल्लेदार. फॉक्स स्वतःला त्याचाच नोकर म्हणवून घेत होता. अर्लने त्याला राजाच्या खास अंगरक्षक तुकडीत घेतलं होतं, ज्या तुकडीचा अर्ल स्वतः कप्तान होता. आणि ४ नोव्हेंबरला, म्हणजे स्फोट ठरला होता त्याच्या आदल्या दिवशी, टॉमस पर्सी सायन हाउसला येऊन अर्लच्या पंगतीला जेवून गेला.

हे जेवण अर्लला सोळा वर्षं पुरलं.

लगोलग त्याच्यावर पहारा बसला आणि महिना संपायच्या आत टॉवरमध्ये रवानगी झाली. २७ जून १६०६ ला स्टार चेंबरपुढे सुनावणी. तिथे पंच नसत, राजाचे मंत्री आणि न्यायाधीशच निकाल देत. ३०,००० पौंड दंड, सगळी पदं काढून घेतली, आणि राजाची मर्जी होईपर्यंत कैद. तोपर्यंत इंग्लंडात एवढा दंड क्वचितच कुणाला झाला असेल.

माझं मत सांगते, मग तुम्ही बोला. मला तो निर्दोष वाटतो. एक गोष्ट मी विसरू शकत नाही. टॉमस पर्सी पळाला तेव्हा अर्लने कळकळीने लिहिलं की त्याला काही करून जिवंत पकडा, कारण मी दिवसासारखा स्वच्छ आहे की रात्रीसारखा काळा, हे तोच एक माणूस सांगू शकतो. दोषी माणूस साक्षीदार जिवंत राहावा म्हणून धडपडत नाही. पण ८ नोव्हेंबरला स्टॅफर्डशायरमधल्या होलबीच हाउसच्या वेढ्यात टॉमस पर्सी गोळी लागून गेला.

वाटसरू_कोकण

ताई, फार दिवसांनी असा धागा आला. एक प्राथमिक शंका, अर्ल म्हणजे नेमकं कोण? आपल्याकडच्या सरदार-जहागीरदारासारखं का?

कृष्णाकाठी

साधारण तसंच, वाटसरू. इंग्लंडात ड्यूक सगळ्यात वर, मग मार्क्विस, मग अर्ल. किताब थोरल्या मुलाकडे जातो, मुलगा नसेल तर भावाकडे किंवा पुतण्याकडे. म्हणून धाकट्यांची पंचाईत. आपल्या अर्लला सात भाऊ होते. सगळ्यात धाकटा जॉर्ज, तो १६०७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाला गेला, जेम्सटाउनच्या पहिल्या वसाहतीत. १६०९ च्या हिवाळ्यात तिथे भयानक उपासमार झाली, माणसं घोडे, कुत्री, उंदीर खाऊन राहिली, वसंतापर्यंत साठेक उरली. त्या हिवाळ्यात वसाहतीचा प्रमुख हाच जॉर्ज पर्सी होता. थोरला भाऊ टॉवरमध्ये कैदी, धाकटा समुद्रापार उपाशी, आणि कैदेतला भाऊ धाकट्यासाठी कपडे पाठवतोय, त्याची देणी भागवतोय. हे सगळं घराच्या हिशेबात नोंदलेलं आहे.

रानवारा

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही.

अर्लविरुद्धचे मुद्दे तुम्ही थोडे हलके केलेत. एक, अंगरक्षकांच्या तुकडीत घेताना प्रत्येकाला राजाच्या धर्मसत्तेची शपथ द्यावी लागे. टॉमस पर्सीला अर्लने ती न देताच घेतलं. कॅथलिक माणूस, शपथ नाही, आणि हत्यारासह राजाच्या आसपास. ही साधी चूक नाही. दोन, कट उघड झाल्यावर त्याने उत्तरेतल्या आपल्या माणसांना पत्रं लिहिली ती वसुलीचे पैसे टॉमसच्या हाती पडू देऊ नका म्हणून. त्याला धरा असं लिहिलं नाही. तीन, जेम्स राजा इंग्लंडच्या गादीवर यायच्या आधी अर्ल त्याच्याशी गुप्त पत्रव्यवहार करत होता, कॅथलिकांना सवलत द्या म्हणून सुचवत होता, आणि ती पत्रं स्कॉटलंडला नेणारा कोण? हाच टॉमस पर्सी.

या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर राजाच्या जागी मीही त्याला मोकळं सोडलं नसतं. आणखी एक. कटवाल्यांना राजा आणि युवराज मारून झाल्यावर एखाद्या लहान राजपुत्राच्या किंवा राजकन्येच्या नावाने कारभार चालवायला कुणीतरी मोठा सरदार लागणारच होता. तो कोण, हा प्रश्न राजाचा मुख्य मंत्री रॉबर्ट सेसिल याने विचारला तर त्यात गैर काय?

कृष्णाकाठी

रानवारा, मुद्दे तिन्ही खरे आहेत, मी ते नाकारत नाही. शपथ न देणं हा गुन्हा होता आणि त्याची शिक्षा पद जाण्याची असायला हवी होती. पण बघा ना, सुनावणीत कटाचा आरोपच ठेवला नाही. राजद्रोहाचा खटला चालवला असता तर पुरावा लागला असता. तो नव्हता म्हणून स्टार चेंबरपुढे नेलं आणि कॅथलिकांचा पुढारी व्हायला बघत होता, शपथ दिली नाही, राजाच्या जिवापेक्षा स्वतःच्या पैशांची काळजी केली, असे आरोप ठेवले.

आणि त्या कारभाऱ्याच्या प्रश्नाबद्दल. स्फोट झाला असता त्या दिवशी अर्ल स्वतः पार्लमेंटला जाणार होता. टॉमस पर्सीने जेवताना त्याला थांबवलं असा काही पुरावा निघाला नाही. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्यालाच तो बाकीच्यांबरोबर उडवून द्यायला निघाला होता, हेच मला जास्त खरं वाटतं. आदल्या दिवशी तो आला होता तो कटाची कुणकुण वर पोचली का, एवढा अंदाज घ्यायला.

रानवारा

हा शेवटचा मुद्दा वजनदार आहे. मान्य. तरी माझी शंका पूर्ण फिटलेली नाही. पूर्ण निर्दोष नाही, निष्काळजी म्हणू.

जमाखर्च

मी पेशाने लेखापरीक्षक, त्यामुळे या माणसाच्या हिशेबवह्या हा माझ्या आवडीचा विषय. पर्सी घराण्याचे खर्चाचे कागद मोठ्या प्रमाणावर टिकले आहेत आणि त्यांतले बरेच छापलेही गेले आहेत.

अर्लने मुलासाठी एक लांबलचक उपदेश लिहून ठेवला होता. आधीचा भाग १५९० च्या दशकातला. मग १६०९ मध्ये टॉवरमध्ये बसून त्याने तो विषय पुन्हा घेतला, तेव्हा मुलगा अल्गर्नन सहा-सात वर्षांचा होता. त्यातलं पहिलं सूत्र असं, की आपली मालमत्ता आपल्या कुठल्याही कारकुनापेक्षा आपल्याला जास्त कळली पाहिजे. तरुणपणी तो स्वतः नेमका इथेच फसला होता. किताब मिळाला तेव्हा आपली जमीन कुठे आहे, कुणाकडे किती येणं आहे, काहीच माहिती नाही, आणि नोकरचाकर हात धुऊन घेतायत. जंगलं तोडून विकली, पट्टे स्वस्तात देऊन टाकले. मग तो मोजणीदार लावून एकेक गाव नकाशावर घेत गेला.

पण मला जी गोष्ट खुपते ती अशी. टॉमस पर्सी ॲनिकचा किल्लेदार असताना कुळांनी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. जबरदस्तीने पैसे उकळतो, छळ करतो म्हणून. त्या अर्लपर्यंत पोचल्या. अर्लने कुळांचं ऐकलं नाही, भाऊबंदाला पाठीशी घातलं. कारकुनांवर नजर ठेवा सांगणाऱ्या माणसाने नात्यातल्या माणसावर नजर ठेवली नाही. कुळांची तक्रार ऐकली असती आणि टॉमसला हाकललं असतं, तर ४ नोव्हेंबरला त्याच्या पंगतीला बसायला तो आलाच नसता. ॲनिकच्या त्या शेतकऱ्यांनी दिलेला इशारा मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद वाटतो.

दंडाचंही सांगतो. ३०,००० पूर्ण भरले नाहीत. बरीच वर्षं ओढाताण चालली, शेवटी ११,००० पौंडांवर तडजोड झाली आणि १६१३ मध्ये ते भरले गेले. तरी सुटका झाली नाही.

कृष्णाकाठी

जमाखर्च, कुळांच्या तक्रारींचं मी वाचलं होतं पण असं जोडून पाहिलं नव्हतं. धन्यवाद. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

अबोली

त्याच उपदेशात बायकोबद्दल काय लिहिलंय तेही सांगा ना कुणीतरी. मला आठवतं त्याप्रमाणे बायकोला कारभारात कधीही हात घालू देऊ नकोस, असं स्पष्ट सांगितलंय.

जमाखर्च

हो, आहे. दुसरं सूत्रच ते आहे.

अबोली

मग आता त्या बायकोबद्दल मी लिहिते, कारण या धाग्यात ती अजून आलेलीच नाही.

डॉरथी डेव्हरो. एसेक्सच्या अर्लची बहीण. हा एसेक्स म्हणजे एलिझाबेथ राणीचा लाडका, नंतर बंड करून १६०१ मध्ये टॉवरच्या आवारात डोकं गमावलेला. डॉरथीचं पहिलं लग्न १५८३ मध्ये टॉमस पेरटशी, घरच्यांना न सांगता, ब्रॉक्सबर्नच्या चर्चमध्ये, दाराशी दोन हत्यारबंद माणसं उभी करून. राणी संतापली होती. त्या लग्नातले सासरे सर जॉन पेरट, त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि तेही १५९२ मध्ये टॉवरमध्येच गेले. १५९४ मध्ये नवरा गेला आणि त्याच वर्षी तिने पर्सीशी लग्न केलं. म्हणजे ताईंनी टॉवर पर्सींच्या पाचवीला पुजला म्हटलंय, पण डॉरथीच्या तो माहेरी, पहिल्या सासरी आणि दुसऱ्या सासरी, तिन्हीकडे होता.

आणि सायन हाउस, जे बघून ताईंनी हे सगळं सुरू केलं, ते पर्सींकडे आलं कसं? डॉरथीच्या हातून. त्याचा भाडेपट्टा तिच्याकडे होता. १६०४ मध्ये जेम्स राजाने ते अर्लला कायमचं दिलं, ही पुढची गोष्ट.

दोघांचं पटत नव्हतं. दोन मुलगे तान्हेपणीच गेले. १५९९ च्या सुमारास ती वेगळी राहायला गेली होती, नंतर समेट झाला, १६०२ मध्ये अल्गर्नन जन्मला. पण नवरा टॉवरमध्ये पडल्यावर सेसिलच्या दारात कोण जात राहिलं? जेम्सची राणी ॲन, तिच्याकडे रदबदली कुणी केली? डॉरथीनेच. उपदेशात तिला कारभारापासून दूर ठेवा म्हणून लिहिणाऱ्या माणसासाठी ती वर्षानुवर्षं खेटे घालत होती. १६१९ मध्ये ती गेली, नवरा सुटायच्या दोन वर्षं आधी.

मला या माणसाबद्दल आदर आहे, त्याची पुस्तकं, त्याचे गणिती, सगळं मान्य. पण त्याने तो परिच्छेद लिहिला तेव्हा त्याच्या खोलीबाहेरचं त्याचं जग कोण चालवत होतं, हे त्याला दिसलं नाही याचं मला वाईट वाटतं.

वाटसरू_कोकण

अबोलीताई, हा प्रतिसाद मूळ लेखाच्या शेजारी जोडून ठेवावा असा आहे.

कृष्णाकाठी

अबोली, अगदी. तिच्या मृत्यूनंतर तो फार खचला होता असं वाचलं आहे. तिला ससेक्समध्ये पर्सींचं दुसरं मोठं घर होतं त्या पेटवर्थच्या चर्चमध्ये पुरलं, आणि नंतर त्यालाही तिथेच.

नभोवेध

हरियटचं नाव अजून कसं नाही आलं! मी पुण्यात हौशी खगोल मंडळात आहे. आमच्यासाठी सायन हाउस म्हणजे टॉमस हरियट.

हा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. आधी तो वॉल्टर रॅली या दर्यावर्दी दरबाऱ्याच्या पदरी होता. १५८५ मध्ये अमेरिकेतल्या रोआनोकला जाऊन आला, तिथल्या लोकांची भाषा शिकला. पुढे पर्सीने त्याला वर्षासन बांधून दिलं, आधी ८० पौंड, मग १००, आणि सायनच्या आवारात राहायला घर. शिकवायचं बंधन नाही, हिशेब मागायचा नाही, जे सुचेल ते शोध. तिथून २६ जुलै १६०९ ला, सहा पटींच्या दुर्बिणीतून त्याने पाच दिवसांचा चंद्र पाहिला आणि कागदावर काढला. तारीख तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाची, आत्ताच्या हिशेबाने ५ ऑगस्ट. गॅलिलिओची चंद्राची चित्रं त्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमधली. दुर्बिणीतून पाहून काढलेलं चंद्राचं आपल्याला माहीत असलेलं पहिलं चित्र ते हे. चारशे वर्षं झाली तेव्हा २००९ मध्ये सायनला कार्यक्रम झाला होता.

त्याने सौरडागही पाहिले, प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियम शोधला, पण जवळजवळ काहीच छापलं नाही. मेल्यावर १६३१ मध्ये त्याच्या बीजगणिताचं पुस्तक निघालं. पेक्षा मोठं आणि पेक्षा लहान ही दोन चिन्हं, आपल्या शाळेतल्या पाटीवरची, पहिल्यांदा छापून आली ती त्या पुस्तकात. आणि ते पुस्तक अर्पण केलंय याच अर्लला.

रानवारा

नभोवेध, मग २६ जुलैला अर्लही दुर्बिणीतून बघत असणार ना शेजारी?

नभोवेध

नाही! हीच तर गंमत म्हणावी की दैव. जुलै १६०९ मध्ये अर्ल टॉवरमध्ये होता, साडेतीन वर्षं झाली होती. चंद्र त्याच्या घरातून पाहिला गेला, त्याच्या पैशातून पाहिला गेला, आणि तो मात्र मार्टिन टॉवरमध्ये. हरियट सायनहून टॉवरला ये-जा करायचा.

१६०५ मध्ये हरियटलाही पकडलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याने राजाची कुंडली मांडली का, अर्लने ती मांडायला लावली का, असे प्रश्न विचारले. काही आठवड्यांनी सोडलं. त्यानंतर हा माणूस काही छापायला घाबरला असेल तर नवल नाही, असं मला वाटतं.

अबोलीताई, तुमच्यासाठी एक धागा. हरियटने आपली एक दुर्बीण वेल्समध्ये सर विल्यम लोअर नावाच्या मित्राला पाठवली होती. त्याने १६१० मध्ये हरियटला कळवलं की चंद्र दिसतो तो माझ्या आचाऱ्याने गेल्या आठवड्यात केलेल्या टार्टसारखा, इथे चकचकीत, तिथे काळपट, सगळा गोंधळ. या लोअरची बायको पेनलपी पेरट. डॉरथीच्या पहिल्या लग्नाची मुलगी. म्हणजे चंद्र बघणारी ती मंडळी नुसती विद्वानांची टोळी नव्हती. सासुरवाडीतून जमलेलं गोत होतं ते, आणि मध्ये उभी डॉरथी.

अबोली

हे मला अजिबात माहीत नव्हतं. खूप खूप आभार.

सोनसाखळी

टॉवर म्हणजे अंधारकोठडी ना? तिथे राहून पुस्तकं आणि गणित कसं चालायचं?

कृष्णाकाठी

सोनसाखळी, कैदी कोण त्यावर होतं. श्रीमंत कैदी भाडं भरून, डागडुजी करून, नोकर ठेवून राहत. अर्लने मार्टिन टॉवरमध्ये स्वतःचा बिऱ्हाडाचा थाट मांडला, आचारी ठेवला, पुस्तकांसाठी खोली केली, अर्क काढायची भट्टी लावली, गोळे घरंगळवत खेळायला पट्टी करून घेतली. रॅली तिथेच ब्लडी टॉवरमध्ये कैदेत होता, १६०३ पासून १६१६ पर्यंत. दोघांची गाठभेट होई. हरियट, वॉल्टर वॉर्नर आणि रॉबर्ट ह्यूझ या तिघांना लोक अर्लचे 'तीन मेजाय' म्हणत, बायबलातल्या तीन ज्ञानी पुरुषांवरून.

मुलगा अल्गर्नन लहानपणी बापाजवळ टॉवरमध्ये राहून शिकला. हे मला फार हलवून जातं. ज्या भिंतींत आपला बाप गोळी लागून मेला, तिथेच आपल्या मुलाला धडे द्यायचे.

रानवारा

मुलांचं पुढे काय झालं ते लिहा, त्याशिवाय धागा पुरा होणार नाही.

कृष्णाकाठी

लिहिते. चार मुलं वाढली. दोन मुली, डॉरथी आणि लूसी. दोन मुलगे, अल्गर्नन आणि हेन्री.

थोरलीने रॉबर्ट सिडनीशी लग्न केलं आणि ते वर्षभर गुपित ठेवलं. आईच्या पावलावर पाऊल. लूसीची गोष्ट आणखी मोठी. तिला जेम्स हे या स्कॉटिश दरबाऱ्याने मागणी घातली, राजाचा आवडता, खर्चिक माणूस. अर्लला स्कॉटिश मंडळींचा तिटकारा. त्याने लूसीला भेटीला टॉवरमध्ये बोलावलं आणि ठेवूनच घेतलं. मी पर्सी आहे, माझ्या लेकीने स्कॉटिश नाच नाचलेले मला खपणार नाहीत, असं तो म्हणाल्याचं त्या वेळच्या एका पत्रात आहे. तरी नोव्हेंबर १६१७ मध्ये लग्न झालं, लग्नाला खुद्द राजा हजर.

आणि याच नावडत्या जावयाने रदबदली करून १६२१ मध्ये सासऱ्याला सोडवलं. अर्ल त्याचे उपकार घ्यायला राजी नव्हता, असं म्हणतात. बाहेर पडला तो आठ घोड्यांच्या गाडीतून, कारण राजाचा लाडका बकिंगहॅम सहा घोडे जोडायचा. पेटवर्थपासून तीस मैलांपलीकडे जायचं नाही, या अटीवर.

सुटका १८ जुलै १६२१ ला. हरियट २ जुलैला गेला होता. नाकात कर्करोग झाला होता त्याला. सोळा वर्षं सायनहून टॉवरला ये-जा केलेला माणूस, आणि दार उघडायला सोळा दिवस कमी पडले.

लूसीने पुढे काय केलं ते तर इंग्लंडच्या इतिहासात आहे. जानेवारी १६४२ मध्ये चार्ल्स राजा पार्लमेंटमध्ये घुसून पाच सभासदांना पकडायला निघाला, तेव्हा त्यांना आधी खबर पोचवली ती तिने. राजा पोचला तर पाचही जण निसटलेले.

जमाखर्च

अल्गर्ननचं मी पुरं करतो. त्याने १६२९ मध्ये लग्न केलं ॲन सेसिलशी. रॉबर्ट सेसिलची नात! ज्या सेसिलने आपल्याला सोळा वर्षं बसवलं अशी बापाची पक्की समजूत, त्याच घरात सोयरीक. बापाने कडाडून विरोध केला, पर्सीचं रक्त आणि सेसिलचं रक्त एका भांड्यात ओतलं तरी मिसळणार नाही, असं त्याचं म्हणणं सांगितलं जातं. मुलाने ऐकलं नाही.

पुढे अल्गर्नन आरमाराचा प्रमुख झाला, यादवीत पार्लमेंटच्या बाजूने गेला. पार्लमेंटने राजाची धाकटी मुलं त्याच्या ताब्यात ठेवली होती, त्यांचा मुक्काम सायनलाही असे. १६४७ मध्ये कैदेतला चार्ल्स राजा आपल्या मुलांना भेटायला सायन हाउसला येत असे. ज्या घराचा मालक राजाने कैदेत टाकला, त्या घरी त्या राजाचा मुलगा कैदी म्हणून आपली पोरं बघायला आला. अल्गर्ननने राजावर खटला चालवायला मात्र विरोधच केला.

त्याचा मुलगा जॉसलिन १६७० मध्ये इटलीत ट्युरिनला गेला, मागे एकच मुलगी. तिथे पुरुष वारसांची रांग संपली. पुढे मुलींच्या बाजूने मालमत्ता फिरत गेली आणि अठराव्या शतकात सर ह्यू स्मिथसन नावाच्या जावयाने पर्सी हे आडनाव घेतलं, तो ड्यूक झाला. त्याला लग्नाबाहेर झालेला मुलगा जेम्स स्मिथसन रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने दिलेल्या पैशातून १८४६ मध्ये वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली.

वाटसरू_कोकण

अर्ल गेला कधी?

कृष्णाकाठी

५ नोव्हेंबर १६३२, पेटवर्थला. हो, तीच तारीख. बाहेर गावोगाव कट फसल्याची शेकोटी पेटत असणार.

हरियटचे कागदही पेटवर्थलाच पडून राहिले, अर्लच्या कागदांत मिसळून. १७८४ मध्ये फॉन झाख नावाच्या खगोलशास्त्रज्ञाच्या हाती ते लागले, तोवर दीडशे वर्षांहून जास्त काळ त्या चंद्राकडे कुणी पाहिलं नव्हतं.

नभोवेध

आज पंचमी. हा धागा वाचून संध्याकाळी गच्चीवर गेलो, मुद्दाम मोठी दुर्बीण न काढता भाच्याची सहा पटींची जुनी छोटी दुर्बीण नेली. हात हलतो, कडेला रंग फुटतात. प्रकाश-अंधाराची सीमा सरळ दिसत नाही, करवतीसारखी दिसते, हरियटने तशीच काढली आहे. उजवीकडे संकटसागर नावाच्या चंद्रावरच्या मैदानाचा काळा ठिपका चटकन कळतो, तोही त्याच्या चित्रात आहे. वही घेऊन मी काढायला बसलो. पाऊण तासात जेमतेम तेवढंच जमलं जेवढं त्याला जमलं होतं, मग चंद्र शेजारच्या इमारतीआड गेला. उद्या षष्ठीचा काढून इथे टाकतो.